एक्सपीएस, पीओपी आणि गेरू: १९४४ च्या इटालियन गल्लीचा डायोरामा, एक पावसाळा काढल्यानंतर

डायोरामा, म्हणजे लहान मापात मांडलेला देखावा, पूर्ण झाला त्या आठवड्यात सगळंच सामान उत्तम वाटतं. सांगलीतला एक पावसाळा गेला की खरं काय ते कळतं, म्हणून हा अनुभव मुद्दाम उशिरा लिहितोय. उन्हाळ्यात बांधलेली गल्ली आता पावसाळ्याची दमट हवा आणि पुढची थंडी काढून कपाटावर उभी आहे. काय टिकलं, काय बदलावं लागलं आणि पैसे कुठे वाचवावेत, हे आता खात्रीने सांगता येतं.

आधी विषयाबद्दल. जुलै १९४४, मध्य इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातलं एक दगडी गाव. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे मशीनगनच्या मोर्चावर एकटे चालून गेले. त्यांच्या सेक्शनमधले (लहान तुकडीतले) बाकी सगळे ठार किंवा जखमी झाले होते. मोर्चा घेतल्यावर त्यांना शत्रूच्या गोळ्या लागल्या. वय बावीस, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. तो प्रसंग मी दाखवलेला नाही, ती हिंमत माझ्यात नाही. माझी गल्ली काल्पनिक आहे: लढाई पुढे सरकलेली, तिघे मराठा जवान आणि दारूगोळा लादलेलं एक खेचर अर्धवट पडलेल्या घराशेजारून जातायत. इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. आपल्याकडे युद्धाचे डायोरामा म्हटले की जर्मन रणगाडेच दिसतात, आपली माणसं क्वचित. मला तीच हवी होती.

प्रमाण १:३५. पावणेसहा फुटी जवान पाच सेंटिमीटरचा, दार सहाचं, साठ सेंटिमीटर जाडीची दगडी भिंत सतरा मिलिमीटरची. हे विचित्र प्रमाण रुळलं ते टामिया या जपानी मॉडेल कंपनीमुळे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं आणि आत बॅटऱ्या मावतील असा आकार धरला. आज अर्ध्या जगाचे सैनिक त्याच मापाचे आहेत.

भिंतींचा गाभा एक्सपीएस (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन, घट्ट फोम) शीटचा. आपण थर्मोकोल म्हणतो ते ईपीएस. कापलं की मणी सुटतात आणि दगडाला धार येत नाही. एक्सपीएस आतून एकसंध असतं. बोथट पेन्सिलीने रेघ दाबली की दगडांमधल्या दर्जा (सांधे) तयार, वरून चुरगळलेल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा दाबला की दगडाचा पृष्ठभाग तयार. सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची आणि हळदीची इतकी कोल्ड स्टोरेज आहेत की इन्सुलेशनची कामं करणाऱ्यांकडे याचे तुकडे पडलेले असतात. तिथे आधी विचारा. क्राफ्ट शीट म्हणून ऑनलाइन मिळणारा माल बराच महाग पडतो. पावसाळ्यात याला काहीही झालं नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळा. स्प्रे कॅनच्या रंगातलं सॉल्व्हंट हे शीट खाऊन टाकतं, म्हणून आधी पाणी घातलेल्या फेविकॉलचे दोन हात द्या आणि रंग पाण्यातलेच वापरा. गरम तारेचा कटर चालवताना खिडकी उघडी हवी, तो धूर छातीला वाईट.

एक्सपीएस कापता येतं, कोरता येतं, पण फोडता येत नाही. फाडलं की फाटल्यासारखंच दिसतं. त्यामुळे गोळा लागून भिंत जिथे तुटते तो भाग मी पीओपीचा (प्लास्टर ऑफ पॅरिस) ओतला, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत जास्त समाधान दिलं ते याच स्वस्त पांढऱ्या पुडीने. पाण्यात पीओपी सोडायचं, पीओपीवर पाणी ओतायचं नाही. मापाने पाण्याच्या साधारण दुप्पट. विटांसाठी त्यातच गेरू कालवायचा. मग वीट कुठेही तुटो, आतून लालच निघते, तुकड्यांची टोकं रंगवत बसावं लागत नाही. चुन्याच्या गिलाव्यासाठी चिमूटभर पिवडी (पिवळी माती). गेरू पीओपीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त झाला की वीट हातात चुरते. दोन मिलिमीटर जाडीची लादी ओतायची, अर्धवट घट्ट झाली की आठ बाय चार मिलिमीटरच्या रेघा मारायच्या आणि वाळल्यावर मोडायचं. काही विटा वाकड्या मोडतात, त्या राडारोड्यात जातात.

आणि राडारोड्याचा हिशेब लागला पाहिजे. बहुतेक डायोरामांत भिंतीला मोठं भगदाड आणि खाली मूठभर खडे असतात. उरलेली भिंत गेली कुठे? माझ्या भिंतीतला आठ बाय सहा सेंटिमीटरचा भाग गेलाय, जाडी १.७, म्हणजे साधारण ८० घनसेंटिमीटर माल. ढीग पोकळ बसतो, म्हणून दीडपट धरा: १२० घनसेंटिमीटर, एक लहान चहाचा कप भरून. एवढं ओतल्यावर गल्लीचा निम्मा रस्ता बुजला, आणि तेव्हाच ते चित्र खरं वाटायला लागलं.

ढीग कसा पडतो हेही बघावं लागतं. २०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठी पडलेली मातीची घरं आपण पाहिली आहेत. तिथे भिंत भिजून जागच्या जागी बसली होती, वर पत्रा तसाच. तोफगोळ्याचं तसं नसतं. तो छपरातून आत येऊन फुटला तर कौलं आणि वासे खोलीत कोसळतात, भिंतीचे दगड बाहेर रस्त्यावर फेकले जातात. म्हणून माझ्या खोलीत कौलांचे तुकडे जास्त आहेत आणि रस्त्यावर दगड-विटा. मधून खेचर जाईल एवढी वाट कुणीतरी मोकळी केलेली, मोठे दगड कडेला सारलेले.

कौलांना कागदी स्ट्रॉ वापरल्या. त्या भागातली जुनी कौलं आपल्या नळीच्या कौलांच्याच जातीची, एक उताणं, एक पालथं. सहा मिलिमीटरची स्ट्रॉ उभी चिरून तेरा मिलिमीटरचे तुकडे केले की माप जुळतं. कागद रंग छान पितो, पण दमट हवाही पितो. आतून-बाहेरून वॉर्निश दिलेली कौलं जशीच्या तशी आहेत. फक्त वरून दिलेली काही ऑगस्टमध्ये उलगडायला लागली आणि बदलावी लागली.

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) आणि छोटा कॉम्प्रेसर असा संच चार-पाच हजारांच्या आसपास येतो. फक्त असा देखावा करायचा असेल तर घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. भिंतीचं काम ब्रश, पातळ वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग) आणि ड्रायब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर घासलेला रंग) जास्त चांगलं होतं. रणगाडे, जीप पुढे करणार असाल तरच घ्या, आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा भाग) असलेलाच. तो नसेल तर जुलैत नळीतून रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात.

सगळ्यात शेवटी धूळ. आपल्या नदीकाठची माती गाळून वापरायचा मोह होतो, पण ती काळी. त्या गावात चालत नाही. पिवडी, खडूची पूड आणि किंचित राखाडी रंग असं मिश्रण कोरड्या ब्रशने लावलं. जवानांच्या बुटांवर, खेचराच्या पायांवर, खिडकीच्या कट्ट्यावर तीच धूळ हवी, नाहीतर माणसं वरून आणून ठेवल्यासारखी दिसतात.

पावसाळ्यात नापास झालेलं सामान थोडक्यात. एमडीएफचा (लाकडाच्या तंतूंचा दाबलेला बोर्ड) तळ कडेने फुगला. आता १२ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लाय आहे. पालापाचोळा म्हणून वाळवलेली चहापत्ती: बुरशी. पावसाळी हवेत मारलेलं स्प्रे वॉर्निश पांढुरकं झालं, ब्रशने लावलेलं पाण्यातलं मॅट वॉर्निश नाही. उघडी ठेवलेली पीओपीची पिशवी महिन्याभरात निरुपयोगी, डबाबंद ठेवा. पीओपी आणि एक्सपीएसच्या सांध्यावर बारीक तडे गेले. तिथे बँडेजची जाळी फेविकॉलमध्ये बुडवून गिलाव्याखाली घातली, त्यानंतर तडे आले नाहीत.

जवानांसाठी ब्रिटिश आठव्या आर्मीचे संच घेऊन चेहरे आणि हात बदलले. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून खाकी ड्रिलचा गणवेश. चेहऱ्याला विटकरी-तपकिरी थरावर गव्हाळ रंग चढवत गेलो. गोऱ्या चेहऱ्यावर नुसता गडद वॉश दिला तर माणूस मळलेला दिसतो, सावळा नाही. सांगली-कोल्हापूरकडे रेझिन प्रिंटिंग करणाऱ्या कुणी १:३५ मध्ये मराठा जवानांचा, खेचरवाल्यांसकट संच काढला, तर पहिली मागणी माझी. पुढची गल्ली याहून लांब आहे आणि तीत माणसंही जास्त लागणार आहेत.