कोई-कोई: हानाफुदा आठ महिने खेळल्यावर

हानाफुदा म्हणजे फुलांचे जपानी पत्ते. पहिला कॅट मी शंभर येनच्या दुकानातून उचलला आणि तिथेच चुकले. कागद पातळ, तीन आठवड्यांत कोपरे दुमडले. ऑगस्टच्या चंद्राच्या पानाला तर अशी घडी पडली की पालथं असलं तरी ते कुठलं पान आहे ते नवऱ्याला कळायचं. पैज लावून खेळत नव्हतो म्हणून भांडणं झाली नाहीत. नंतर निन्टेन्डोचा ‘दाइतोर्यो’ घेतला. ही कंपनी १८८९ साली क्योतोत सुरू झाली तीच मुळी हानाफुदा बनवायला, आणि अजूनही बनवते. पान साधारण काडेपेटीएवढं, पण जाड आणि कडक. रमीच्या पानांसारखं फर्रकन पिसायला गेलात तर जमणार नाही, हातातल्या हातात थोडीथोडी पानं वरखाली करायची. जमिनीवर पान आपटलं की ‘पाचि’ असा आवाज येतो. माझ्या मते निम्मी मजा त्या आवाजातच आहे.

एकूण ४८ पानं, बारा महिने, प्रत्येक महिन्याची चार. पानावर आकडा नाही, राजा-राणी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी जपानात पत्ते आणले (‘कारुता’ हा शब्द त्यांच्याच ‘कार्ता’वरून आलेला), मग जुगार वाढला, बंद्या आल्या, आणि एकेक कॅट बाद होत शेवटी ही फुलं टिकली. आपल्यासारख्या बदाम-इस्पिकवर वाढलेल्या माणसाला पहिला महिना काहीच सुचत नाही. एप्रिलची विस्टेरियाची वेल आणि जुलैचं झुडूप तर मला एकच वाटायचं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी खूण सांगितली: एप्रिलचं खाली लोंबतं, जुलैचं वर जातं. जुलैच्या त्या झुडपाचं नाव ‘हागी’. मराठी घरात ते वेगळं पाठ करावं लागत नाही. आमच्या सात वर्षांच्या मुलाने सगळ्यात आधी तेच शिकून घेतलं.

मी महिन्यांचे आकडे घोकत बसले, ही दुसरी चूक. आकडा खेळात लागतच नाही, फुलाला फूल जुळलं की झालं. शिवाय पानांवरचे महिने जुन्या चांद्र पंचांगाचे. जपानने १८७३ पासून इंग्रजी कॅलेंडर घेतलं, पानं मात्र मागेच राहिली. म्हणून ऑक्टोबरच्या पानावर लालबुंद मेपल, आणि आम्ही तोक्योत तो नोव्हेंबरच्या शेवटी बघायला जातो. तिथी मानणाऱ्या घरातून आल्यामुळे मला हे पटकन पटलं. ऑगस्टचा चंद्र म्हणजे आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, ती कधी आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला येते तर कधी थेट कोजागरीलाच.

आम्ही खेळतो तो दोघांचा ‘कोई-कोई’. आठ पानं हातात, आठ समोर उघडी, बाकीची गड्डी मध्ये. हातातलं पान टाकायचं, त्याच महिन्याचं पान खाली असेल तर दोन्ही उचलायची. मग गड्डीतलं वरचं उघडायचं, तेच पुन्हा. उचललेल्या पानांतून ‘याकु’, म्हणजे गुण मिळवून देणारे संच जुळवायचे. रानडुक्कर, हरीण आणि फुलपाखरं मिळाली की ५. लाल फितीवर अक्षरं असलेली तीन पानं, ५. (त्यातल्या दोन फितींवर ‘आका योरोशि’ लिहिलंय. जुन्या वळणाच्या ‘का’मुळे मी दोन महिने ‘आनो योरोशि’ वाचत होते. जपानी लोकही चुकतात म्हणे, तेवढाच दिलासा.) प्राणी, पक्षी, फीत असं काही नसलेली दहा साधी पानं जमली तर फक्त १.

याकु जुळला की थांबून गुण घ्यायचे, नाहीतर ‘कोई-कोई’ म्हणायचं, म्हणजे ‘ये, ये’, आणि पुढे खेळायचं. पुढे गेलात आणि समोरच्याने आधी जुळवलं तर तुमचे गुण शून्य, त्याचे दुप्पट. पहिले तीन महिने मी दर वेळी कोई-कोई म्हणत होते. एकदा लाल फिती घेऊन ऐटीत म्हटलं. आजींकडे नऊ साधी पानं होती, ती मी मोजलीच नव्हती. दहावं त्यांना गड्डीतून मिळालं. एकाचे दुप्पट दोन, आणि माझे पाच गेले. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं पान जोरात आपटलं. आता समोरच्याची साधी पानं मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

दुसरी शिकलेली गोष्ट म्हणजे सप्टेंबरचा साकेचा पेला. मार्चच्या चेरीच्या फुलांखाली पडदा असलेल्या पानाबरोबर ५, ऑगस्टच्या चंद्राबरोबर ५, दोनच पानांत. तो समोरच्याकडे गेला की डाव अर्धा हातातून गेला. मला तर हा नियम जास्तच उदार वाटतो. काही घरांत हे दोन याकु धरतच नाहीत, त्यामुळे खेळायला बसण्यापूर्वी विचारून घ्या. गड्डीतली सगळ्यात भारी पाच पानं म्हणजे तेजाची पानं; त्यांतल्या तिघांना कुठे ५ देतात, कुठे ६. यावर आमच्या घरी अजून एकमत नाही. नोव्हेंबरचा छत्रीवाला मात्र त्या तिघांत कुठेच चालत नाही.

एकट्याने शिकायचं असेल तर निन्टेन्डोच्या ‘स्विच’ या गेम कन्सोलवरच्या जुन्या खेळांच्या संचात हानाफुदा आहे. कुठलं पान कशाला लागतं ते तिथे उजळून दिसतं. पहिले पंधरा दिवस ठीक. पुढे त्याची सवय लागते आणि खऱ्या सतरंजीवर बसलात की डोळे काही शोधतच नाहीत. माझं तसंच झालं.

एक शब्द फुकट मिळाला. ऑक्टोबरच्या पानावरचं हरीण मान वळवून दुसरीकडे बघतं. हरीण ‘शिका’, दहा ‘तो’, त्यावरून एखाद्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करण्याला ‘शिकातो’ म्हणतात. ऑफिसात हा शब्द वर्षभर ऐकत होते, तो पत्त्यांतून आलाय हे आजींनी सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या शोकेसमधल्या सावंतवाडीच्या गंजिफा काढायला लावल्या, दशावताराच्या गोल पानांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘हे कसं खेळतात?’ मला येत नव्हतं. मामाला फोन लावला, त्यालाही नाही.

तक्रार एकच. बारा डाव म्हणजे एक पूर्ण खेळ, आणि तो तासाच्या आत क्वचितच संपतो. कामाच्या दिवशी आम्ही सहा डावांवरच थांबतो.

तेजाची पाचही पानं एका डावात, म्हणजे ‘गोको’, आठ महिन्यांत एकदाच जमली. आजींना. छत्रीवाला मीच टाकला होता.