पैसे आधी, ओळखपत्र नंतर: एका क्रिप्टो पेमेंट सेवेचा अनुभव

‘खाते उघडण्याची गरज नाही’ ही जाहिरात वाचून मी एका सॉफ्टवेअरच्या वार्षिक वर्गणीचे पैसे या सेवेमार्फत बिटकॉइनमध्ये भरले. क्यूआर कोड, त्याखाली रक्कम आणि पंधरा मिनिटांचे उलटे धावणारे घड्याळ, एवढेच काय ते पान. त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. पहिले कन्फर्मेशन (व्यवहार बिटकॉइनच्या नोंदवहीत चढल्याची खूण) मिळाले आणि त्याच पानावर ‘पडताळणी प्रलंबित’ अशी पिवळी पट्टी उमटली. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, मान डावीउजवीकडे वळवून काढलेला सेल्फी आणि बिटकॉइन कोठून आले याचा पुरावा दिल्याशिवाय व्यवहार पुढे सरकणार नव्हता. रक्कम परत हवी असली, तरी हीच कागदपत्रे लागणार होती.

पडताळणीला माझा विरोध नाही. काळ्या पैशाच्या व्यवहारांवर आळा घालण्याचे निकष ठरवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये क्रिप्टो कंपन्यांनाही बँकांसारखेच निकष लावले, आणि पैसे पाठवणाऱ्याची व घेणाऱ्याची माहिती व्यवहारासोबत पुढे देण्याचा नियम युरोपीय संघात ३० डिसेंबर २०२४ पासून लागू आहे. माझी तक्रार क्रमाची आहे. ब्लॉकचेनवरचा, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीतला, व्यवहार मागे घेता येत नाही, हे या सेवेला ग्राहकापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते; मग ओळखपत्र लागू शकते हे वाक्य ‘पैसे भरा’ या बटणाच्या वर का नाही? ते मला अटींच्या पानावर, बरेच खाली, सापडले.

बिटकॉइन निनावी असते हा समज अजूनही टिकून आहे, म्हणून हेही सांगायला हवे, की येथे ओळखपत्र देणे हे कार्डाने पैसे भरताना नाव देण्याइतके साधे नसते. समजा, तुमच्या एका पत्त्यावर (बिटकॉइनच्या खाते क्रमांकासारख्या ओळीवर) ०.०५ बिटकॉइन आहेत आणि त्यातून तुम्ही ०.००२ चे बिल भरले, तर शुल्क वजा जाता उरलेली रक्कम तुमच्याच दुसऱ्या पत्त्यावर परत येते आणि ती ब्लॉकचेनवर कोणालाही दिसते. त्या व्यवहाराला एकदा तुमचे नाव चिकटले, की शिल्लक किती आणि ती कोणाकडून आली, याचा माग काढणे अवघड राहत नाही. खर्चासाठी वेगळे वॉलेट ठेवावे, त्यात बिलापुरतीच रक्कम घ्यावी, हे मी या प्रकरणानंतर शिकलो. पण त्या वेगळ्या वॉलेटमध्येही मुख्य वॉलेटमधून थेट रक्कम टाकली, तर मुख्य वॉलेटपर्यंतचा धागा तसाच राहतो.

कागदपत्रे दिल्यावर दोन दिवसांनी वर्गणी सुरू झाली. ग्राहकसेवेची भाषा सभ्य होती, हे मान्य करतो. सेल्फी पुसून टाका, अशी विनंती केल्यावर मात्र कायद्यानुसार नोंदी पाच वर्षे ठेवाव्या लागतात, असे उत्तर आले. पडताळणी करणारी त्रयस्थ कंपनी कोणती आणि माझा चेहरा कोणाच्या सर्व्हरवर आहे, या प्रश्नाला दोन स्मरणपत्रांनंतरही उत्तर नाही. पाचपैकी दोन तारे, आणि तेही पेमेंटच्या पानासाठी.