हर्शी बेअर्सची जर्सी: अमेरिकेहून मागवण्याआधी

अमेरिकेतले नातेवाईक इंदुरात येतात तेव्हा बॅगेत हर्शीची चॉकलेटं असतातच. त्याच हर्शी गावाचा, पेनसिल्व्हेनियातला, आइस हॉकी संघ म्हणजे हर्शी बेअर्स. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च हॉकी लीगच्या एक पायरी खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये तो 1938पासून खेळतोय, आणि तेही गाव न बदलता. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला नाव होतं 'बार्स', चॉकलेटच्या बारवरून. ते फार जाहिरातबाज वाटतं म्हणून 1936 मध्ये 'बेअर्स', म्हणजे अस्वलं, केलं. या लीगचा काल्डर कप 2024पर्यंत 13 वेळा त्यांनी जिंकला, इतका कुणीच नाही.

जर्सी तीन प्रकारची मिळते. नुसती छापलेली घेऊच नये. अस्वल कापडात मुरलेलं, सपाट दिसतं. खेळाडूंची अस्सल जर्सी जाड असते. तिच्या पाठीत, आतून, घेराजवळ एक पट्टा शिवलेला असतो. तो पँटला अडकवतात, म्हणजे मारामारीत समोरच्याला जर्सी ओढून डोक्यावरून घेता येत नाही. ती खांद्याच्या पॅडवरून घालायची असते, त्यामुळे नुसत्या टी-शर्टवर पोत्यासारखी लोंबते. इंदूरसाठी योग्य ती मधली, शिवलेल्या बोधचिन्हाची रेप्लिका, म्हणजे चाहत्यांसाठीची प्रतिकृती. पाचापैकी चार गुण. एक गुण बोधचिन्हाच्या वजनासाठी कापला: थरावर थर शिवल्यामुळे छातीवर कापड ताणलं जातं आणि हँगरवर टांगली की पुढून ओघळते. घडी करून ठेवावी.

मापासाठी विक्रेत्याकडून काखेपासून काखेपर्यंतचं सपाट माप मागवा आणि दुप्पट करा. ते तुमच्या छातीपेक्षा 6 ते 8 इंच जास्त हवं. लेबलवरच्या 52, 54 या अंकांवर विसंबू नका.

खरी चूक होते ती नाव-अंकात. 3 नंबर घ्यायचा तर फ्रँक मॅथर्सचा घ्यावा. 1956 मध्ये खेळाडू-प्रशिक्षक म्हणून आलेल्या या माणसाच्या प्रशिक्षणाखाली 1958, 1959 आणि 1969 चे कप आले; पुढे व्यवस्थापनात असताना 1974, 1980 आणि 1988 चे. 1988 मध्ये तर प्लेऑफचे, म्हणजे बाद फेऱ्यांचे, बाराच्या बारा सामने जिंकले होते. पण त्याचं नाव आजच्या अस्वलाच्या जर्सीवर शिवणं चूक. जुन्या धाटणीची जर्सीच हवी. आजच्या जर्सीवर माइक वेकिओनी शोभतो. 2023 च्या अंतिम लढतीत, सातव्या सामन्याच्या जादा वेळेत कप जिंकून देणारा गोल त्याचा.

नाव इथेच शिवून घेता येतं, आणि देवनागरीत फार देखणं दिसतं. एम्ब्रॉयडरीवाल्याला तीन गोष्टी सांगा. सगळी अक्षरं शिरोरेषेसह ट्विलच्या (जाड, तिरप्या विणीच्या कापडाच्या) एकाच तुकड्यातून कापायची. सुटी लावली की रेघ हमखास वाकडी होते. अक्षर 3 इंच ठेवलं तर वेलांटी-उकारासाठी पट्टी साडेचार इंचांची धरायची. आणि सुई बॉलपॉइंट, म्हणजे गोल टोकाची, टाका झिगझॅग. साध्या टोकदार सुईने विणलेल्या पॉलिस्टरचा धागा तुटतो आणि दोन धुण्यांत भोकं पडतात. खाली कागदी अस्तर न लावता शिवलं की कापड चुरगळतं, ते नंतर इस्त्रीने सुधारत नाही. उलट गरम इस्त्रीने पॉलिस्टर चकाकतं.

धुताना उलटी करून, थंड पाण्यात, हाताने. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे डाग चॉकलेटी रंगावर लगेच दिसतात, म्हणून शेवटचं खळबळणं नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यात. सावलीत वाळवा. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, मात्र ही घालू नका: पॉलिस्टर एखादवेळी निघेल स्वच्छ, पण पांढऱ्या भरतकामातला गुलाल जात नाही.