फ्रान्सचा दाखला द्यायचा, पण कोणत्या प्रजासत्ताकाचा?

भारतात अध्यक्षीय पद्धत आणावी का, असा वाद निघाला की फ्रान्सचे नाव हटकून येते. पण १८७० पासून तिथे तीन प्रजासत्ताके (तिसरे, चौथे आणि पाचवे) झाली आणि तिन्हींतले राष्ट्राध्यक्षपद वेगवेगळे होते. तुमचा मुद्दा कोणत्या प्रजासत्ताकावर टिकतो हे ठरवायचे, तर तीन गोष्टी तपासा: राष्ट्राध्यक्षाला कोण निवडतो, कनिष्ठ सभागृह कोण विसर्जित करू शकतो आणि सरकार कसे पडते.

तिसऱ्या प्रजासत्ताकात (१८७०–१९४०) दोन्ही सभागृहे एकत्र बसून ७ वर्षांसाठी राष्ट्राध्यक्ष निवडत. ३० जानेवारी १८७५ रोजी ही तरतूद ३५३ विरुद्ध ३५२, म्हणजे अवघ्या एका मताने मंजूर झाली. थेट निवडणुकीची धास्ती उगाच नव्हती. १८४८ मध्ये जनतेनेच निवडून दिलेल्या लुई नेपोलियनने १८५१ मध्ये सत्ता बळकावली होती. चौथ्या प्रजासत्ताकातही (१९४६–५८) निवड संसदच करी; डिसेंबर १९५३ मध्ये रने कोती निवडून यायला १३ फेऱ्या लागल्या. पाचव्यात मात्र १९६२ च्या सार्वमताने थेट मतदान आले, २००० च्या सार्वमताने मुदत ७ वरून ५ वर्षांवर आली आणि २००८ पासून सलग दोन कार्यकाळांची मर्यादा लागली.

सगळ्यात मोठा फरक विसर्जनात आहे. तिसऱ्यात सेनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, संमतीने राष्ट्राध्यक्ष कनिष्ठ सभागृह विसर्जित करू शकत असे. राष्ट्राध्यक्ष मॅकमहॉन यांनी १८७७ मध्ये तसे केले, निवडणुकीत त्यांच्या बाजूचा पराभव झाला आणि १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर १९४० पर्यंत एकाही राष्ट्राध्यक्षाने तो अधिकार वापरला नाही. सरकार पाडले तरी निवडणुकीला सामोरे जावे लागत नाही, हे खासदारांना पक्के ठाऊक झाले. चौथ्याच्या घटनेने अट घातली: कार्यकाळाचे पहिले १८ महिने संपल्यावर, पुढे १८ महिन्यांत दोन सरकारे पूर्ण बहुमताने (एकूण सभासदांच्या निम्म्याहून अधिक मतांनी) पडली तरच विसर्जन. प्रत्यक्षात पंतप्रधान साध्या बहुमताने हरले तरी राजीनामा देत, त्यामुळे अट पुरीच होत नसे. १२ वर्षांत वीसहून अधिक सरकारे झाली. विसर्जन एकदाच झाले, डिसेंबर १९५५ मध्ये पंतप्रधान एदगार फोर यांच्या हातून. पाचव्यात कलम १२ नुसार पंतप्रधान आणि दोन्ही सभापतींशी सल्लामसलत करून राष्ट्राध्यक्ष स्वतः निर्णय घेतो. विसर्जनानंतरच्या निवडणुकीपासून वर्षभर मात्र पुन्हा विसर्जन करता येत नाही.

अविश्वास ठरावात पाचव्याची खुबी मोजणीत आहे. फक्त ठरावाच्या बाजूची मते मोजतात. गैरहजर आणि तटस्थ आपोआप सरकारच्या पारड्यात जातात. ५७७ जागा भरलेल्या असतील तर २८९ मते लागतात. कलम ४९ च्या तिसऱ्या परिच्छेदाने तर विधेयक मतदानाशिवायच संमत होते. ते अडवायचे तर अविश्वास ठराव जिंकावा लागतो. मार्च २०२३ मध्ये पेन्शनच्या कायद्यावर तो ९ मतांनी हुकला.

म्हणून स्थैर्याचे सारे श्रेय राष्ट्राध्यक्षाला देऊ नये. १९६२ मध्ये पंतप्रधान पाँपिदू यांचे सरकार पडल्यानंतर ६२ वर्षे अविश्वासाने एकही सरकार पडले नाही, कारण कनिष्ठ सभागृहाच्या दोन फेऱ्यांच्या निवडणुकीतून बहुधा चालवण्याजोगे बहुमत उभे राहत असे. बहुमत विरोधकांकडे गेले की राष्ट्राध्यक्ष मागे सरके: १९८६–८८, १९९३–९५ आणि १९९७–२००२. जून २०२४ च्या विसर्जनानंतर सभागृह तीन गटांत विभागले गेले. डिसेंबरमध्ये पंतप्रधान बार्निए यांचे सरकार ३३१ मतांनी पडले, तर सप्टेंबर २०२५ मध्ये पंतप्रधान बायरू विश्वासमत ३६४ विरुद्ध १९४ असे हरले. घटना तीच, राष्ट्राध्यक्षही तेच.

बलवान राष्ट्राध्यक्षाची बाजू मांडणार असाल तर पाचवे घ्या, पण निवडणूक पद्धतीसकट. संसदेची बाजू घेणार असाल तर तिसरे अधिक भक्कम: सरकारे बदलत, तरी बरेचसे मंत्री तेच राहत आणि व्यवस्था जवळपास ७० वर्षे टिकली. चौथे केवळ सरकारे पडल्यामुळे बुडाले, असे मात्र सांगू नका. मे १९५८ मध्ये फ्रेंच सत्तेखालच्या अल्जीरियाच्या राजधानीत, अल्जियर्समध्ये, उठाव झाला, सेनाधिकारी त्यात उतरले, आणि १ जूनला त्याच संसदेने ३२९ विरुद्ध २२४ मतांनी जनरल द गॉल यांच्या हाती सरकार दिले.