मकरपुऱ्यातलं रिले रिपेअरिंगचं दुकान, मनापासून पाच स्टार

आमच्या गिरणीच्या मोटरचा ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारं उपकरण) उगाचच ट्रिप व्हायचा, म्हणजे मोटर बंद पाडायचा, आधी एकाने नुसतं सेटिंग वाढवून दिलं, त्यात मोटर जळायची भीती. मग बडोद्यातच मकरपुरा जीआयडीसीतल्या या छोट्या दुकानात गेलो. काकांनी उघडून दाखवलं, मधल्या फेजची बायमेटल पट्टी (गरम झाली की वाकणारी दोन धातूंची पट्टी) तिरकी बसलेली, बाकी दोघींच्या आधीच स्लाइडरला, म्हणजे ढकलला की रिले ट्रिप करणाऱ्या सरकत्या भागाला, टेकत होती. तिन्ही एका रेषेत बसवल्या, पट्ट्या आणि स्लाइडरमधला गॅप रिले पूर्ण थंड झाल्यावरच तपासला, हे मला फार आवडलं. मग तिन्ही पोल (तिन्ही फेजचे मार्ग) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडून सेटिंगच्या 1.05 पट करंट दोन तास दिला, ट्रिप नाही, लगेच 1.2 पट केला तेव्हा दोन तासांच्या आत ट्रिप झाला!! अर्धा दिवस गेला पण एवढं टेस्टिंग कोण करतं हो? बसायला जागा कमी आहे, सकाळी लवकर जा.