शाळेचं व्हायोलिन घरी वापरायला मिळतं ती योजना – ४ स्टार

मुलीच्या शाळेत वाद्यं वर्षभरासाठी घरी न्यायला देतात, त्याबद्दल लिहितेय. मला सगळ्यात आवडली ती वाद्य ताब्यात देण्याची पद्धत. आईबाबांनी सही केली आणि व्हायोलिनची पेटी म्हणजे केस उचलली असं नाही, मुलीलाच बसवून व्हायोलिन उलटसुलट करून बघायला लावलं, आणि जुने ओरखडे कुठे आहेत, पेग (तारा ताणायच्या खुंट्या) सरकतायत का, बोचे (वाजवायच्या गजाचे) केस किती तुटलेत, आतल्या लेबलवर काय लिहिलंय हे सगळं तिने स्वतःच्या हाताने फॉर्मवर लिहिलं, वर फोटोही काढून ठेवले. परिणाम असा की आता घरात कोणी व्हायोलिन बघायला मागितलं तर आधी हात धुवायला पाठवते आणि बोच्या केसांना बोट लावू देत नाही.

दुसरं म्हणजे सरांनी नियम कारणासकट सांगितलेत. वाजवून झालं की बो सैल करायचा, नाहीतर काडीचा बाक बिघडतो. रोझिनची (बोच्या केसांना लावायच्या राळेची) पावडर लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, नंतर ती वार्निशवर चिकटून बसते. शोल्डर रेस्ट (खांद्यावर टेकवायचा आधार) काढल्याशिवाय केस बंद करायची नाही. बंद गाडीत तर अजिबात ठेवायचं नाही, उष्णतेने डिंकाचे सांधे सुटतात. आणि ब्रिज (तारांखालची लाकडी घोडी) झुकलेला दिसला तर घरी खटपट न करता सरांना सांगायचं, कारण सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर ब्रिज पडतोच, कधी आतला साउंडपोस्टही (छोटा लाकडी खांब) पडतो. कारण माहीत असलं की मुलं ऐकतात हो, नुसतं "जपून वापर" सांगून काही होत नाही.

एक स्टार कापला तो दंडाच्या नियमासाठी. फॉर्मवर झीज आणि नुकसान यात फरकच केलेला नाही. तार तुटली तरी दंड, केस आपटून लाकूड तडकलं तरी दंड. अहो, जो रोज रियाज करतो त्याचीच तार आधी तुटणार ना! त्यात तपासणी थेट वर्षाच्या शेवटी, म्हणजे मधे काही झालं तर मूल घाबरून लपवणार आणि बारीक तडा वाढत जाणार. दर महिन्याला पाच मिनिटं तोच फॉर्म समोर ठेवून मुलांकडूनच तपासून घेतलं आणि स्वतःहून सांगणाऱ्याला दंड माफ केला तर वाद्यंही टिकतील.

यावर्षी घेणार असाल तर केसची चेन आणि हँडल तिथेच बघून घ्या, फॉर्मवर त्याचा रकानाच नाहीये, मुलांना खाली लिहायला सांगा.