ब्लॉकचेनवर गाणी चढवायच्या नावाखाली माझे ४७,४४९ रुपये गेले

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. नाटकांना गाणी लिहून देतो, ऑर्गन वाजवतो. दिवाळीनंतर हंगाम लागला की वडशाच्या मंडळ्या गावोगाव रात्रभर प्रयोग करतात. माझी चाल एका मंडळीतून दुसरीत जाते, तिथून कोणाच्या तरी यूट्यूबवर, आणि माझं नाव कुठंच नसतं. हे दुखणं ज्याला आहे त्यालाच कळेल मी त्या माणसाचं का ऐकलं. मला लोभ नव्हता, माझं नाव हवं होतं.

फोनवरचा माणूस ‘दादा, दादा’ करत गोड बोलायचा. ब्लॉकचेन म्हणजे खूप संगणकांवर एकदम ठेवलेली, मागून खोडता न येणारी वही. तिच्यावर गाणं चढवलं की नोंद कायमची, वाजेल तेव्हा पैसे थेट तुम्हाला. ब्लाऊ नावाच्या अमेरिकन डीजेनं २०२१ मध्ये अल्बमचे टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या मालकीच्या चिठ्ठ्या, १ कोटी डॉलरच्या वर विकले, असं म्हणाला. मी शोधलं, बातमी खरी निघाली. असंच करतात हे लोक, खऱ्या बातमीला आपलं खोटं चिकटवतात.

नोंदणीचे ४,९९९ भरले. मग ११ गाण्यांचे प्रत्येकी १,५०० प्रमाणे १६,५००. मग ‘गॅस फी’ ७,३५०. ब्लॉकचेनवर नोंद करायची ही फी खरी असते, पण ती आपल्या वॉलेटमधून, म्हणजे डिजिटल नाण्यांच्या पाकिटातून, त्या नाण्यातच कटते. मी ती यूपीआयनं कोण्या बाईच्या बचत खात्यात टाकली. तिचं नाव स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं. तिथंच थांबायला हवं होतं.

नाही थांबलो. आठ दिवसांनी त्यांच्या ॲपमध्ये दिसलं, तुमची गाणी ६२,००० ला विकली गेली. काढायची असेल तर आधी ३० टक्के कर भरा, १८,६००. बायको चुलीपुढून म्हणाली, “ज्याले पैसे द्याचे हायेत तो आपल्याकडूनच कायले मांगते?” मी तिच्यावर खेकसलो. अहो, मी कास्तकार माणूस. धान विकतो तेव्हा हमाली, तोलाई पट्टीतून कापतात, आधी खिशातून कोणी मागत नाही. हे मला जन्मापासून माहीत आहे! अशा कमाईवर ३० टक्के कर एप्रिल २०२२ पासून आहे, पण तो सरकारला भरायचा असतो, विकत घेणाऱ्याला नाही. धानाचा चुकारा आला होता, त्यातलेच गेले. दुसऱ्या दिवशी ॲप बंद, फोन बंद.

नंतर भाच्यानं त्यांचं नोंदणीचं प्रमाणपत्र पाहिलं. इथेरियम ही एक ब्लॉकचेन, तिच्यावरचा पत्ता ०एक्सपासून (0x) सुरू होतो, ४२ अक्षरांचा असतो. माझ्या कागदावर ३८ होती. ती मोजायला एक मिनिट लागलं.

असं फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी क्रमांकावर लगेच फोन करा, पैसे गोठवायची संधी पहिल्या काही तासांतच असते. मी तीन दिवस लाजेनं गप्प बसलो. ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, “तुम्हीच पाठवले ना?” ब्लॉकचेन कसं लिहायचं ते मलाच विचारलं. बँक म्हणे पोलिसांचं पत्र आणा, ठाणं म्हणे बँकेचं विवरण आणा. जिल्ह्याच्या ठिकाणी तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली. एकदा तर “साहेब बंदोबस्तात आहेत” म्हणून बाकावर चारपर्यंत बसवलं, चार वाजता सांगितलं उद्या या. लुटणाऱ्यानं निदान फोन तरी उचलला होता, यांचा लागतही नाही. तक्रार क्रमांक आहे, पुढं काहीच नाही.

ब्लॉकचेन खोटं आहे असं मी म्हणत नाही. नोंद पक्की होते. पण नोंदवणारा गीतकार आहे की चोर, ते यंत्र तपासत नाही. चोरानं माझं गाणं चढवलं तर तीही नोंद तितकीच पक्की. आणि गावच्या मंडपात रात्री दोनला माझी चाल वाजली, हे त्याला सांगणार कोण? तोवर आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग नाही. कॉपीराइटसाठी तर नोंदणीही लागत नाही, १९५७ च्या कायद्यानं गाणं लिहिणाऱ्याचंच असतं. तारीख टाकलेली वही जपा. वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द मागणाऱ्याचा फोन तिथंच कापा.

घरातही मी पूर्ण आकडा आजवर सांगितला नव्हता. परवा आमच्या तबलजीनं विचारलं, “भाऊ, तुमची गाणी चढली का त्या ब्लॉकचेनवर?” त्याचे ४,९९९ भरून झाले होते. लगेच त्याच्या फोनवरून १९३० लावला. सोमवारी त्याला घेऊन पुन्हा जिल्ह्याला जातो आहे.